श्रीलंका, ७ दिवस: टूरला ३ स्टार, तिथल्या माणसांना आणि जेवणाला पूर्ण ५

आम्ही मालवणातून चौदा जण श्रीलंकेला जाऊन आलो त्याला आता महिना होईल, आणि तेव्हापासून बाजारात, देवळात, खानावळीत रोज कोणीतरी विचारतंच की कसं होतं, जावं का, खायचे हाल झाले का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. टूर आपल्याच जिल्ह्यातल्या एका छोट्या टूरवाल्याची होती, नाव लिहीत नाही, मुलगा नवीन आहे, मेहनती आहे आणि जे खटकलं ते मी त्याला समोर बसवून सांगितलेलं आहे. माणशी ७५,००० च्या आसपास पडले, त्यात मुंबईहून विमान, व्हिसा, गाडी, राहणं, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारचं आपापलं. फेब्रुवारीत गेलो, आंगणेवाडीच्या जत्रेच्या आधी घरी पोचायचंच ह्या अटीवर, कारण जत्रेला घर भरलेलं असतं आणि खानावळही. गेली बावीस वर्षं मी खानावळ चालवते, त्यामुळे मी जेवणावर जास्त लिहिणार आणि धबधबे-बागांवर कमी, त्यांचे फोटो सगळीकडे आहेतच.

पहिल्यांदा तक्रार सांगते म्हणजे पुढचं मोकळेपणी सांगता येईल. विमानतळ कटुनायकेला आहे, कोलंबोच्या उत्तरेला, आणि पहिला मुक्काम त्याच्याच जवळ निगोंबोला. निगोंबो म्हणजे मासेमारीचं गाव. खाडी, होड्या, किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी, हवेला तोच वास जो आपल्या दांडीच्या किनाऱ्याला असतो. अशा गावात पहिल्या रात्री आम्हाला जेवायला काय तर पनीर बटर मसाला, जिरा राईस आणि तंदुरी रोटी. इंडियन रेस्टॉरंट म्हणून मुद्दाम नेलेलं. दुसऱ्या रात्री कँडीला तेच, तिसऱ्या रात्री तेच फक्त पनीरच्या जागी मटर. मी टूरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काकी, आपल्या माणसांका भायरचा जेवाण चलना नाय ओ, मागच्या ग्रुपान कंप्लेंट केल्यानी." त्याचंही बरोबर, चौदा तोंडं सांभाळायची असतात. पण मला खरंच वाईट वाटलं. परदेशात आपल्या कोकणातल्या माणसाला डबा न बांधता जाता येईल असा देश कुठला असेल तर तो हाच. नारळ, तांदूळ, मासे, फणस, काजू, केळीचं पान, सगळं आपलंच, फक्त करायची रीत निराळी. ती निराळी रीत बघायलाच तर एवढे पैसे घालून आलो ना. मालवणात एवढ्या लांबून आलेल्या माणसाने आमच्या दारात बसून पनीर मागितलं तर मी करून देते, पण मनात खंत राहतेच, तसंच हे.

बाकी गाडी चांगली, एसी चालणारा, हॉटेलं स्वच्छ. आणि ड्रायव्हर! ह्या टूरचे जे तीन स्टार आहेत त्यातले दोन त्या ड्रायव्हरचे आहेत. तिशीतला मुलगा, इंग्रजी बरं, हिंदी सिनेमापुरती. पहिल्याच दिवशी त्याने मला अक्का म्हणून हाक मारली, मी चमकलेच. सिंहलीत मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात आणि धाकट्या भावाला मल्ली, मग तो आमचा सगळ्यांचा मल्ली झाला. आमच्यात आत्या होत्या, ७१ वर्षांच्या, त्यांना तो अम्मा म्हणायचा आणि गाडीतून उतरताना रोज हात द्यायचा, कोणी सांगितलं नव्हतं. काहीही विचारलं की मान हलवून म्हणायचा "हरी हरी", म्हणजे ठीक आहे, बरोबर आहे. आत्यांना ते इतकं आवडलं की त्या मुद्दाम काहीतरी विचारायच्या.

भाषेचं सांगायलाच हवं कारण गाडीत आमचा तोच खेळ चालला होता. भाताला बत्, आंब्याला अंब, मिठाला लुणु, मिरचीला मिरिस, गावाला गम, आंबटाला अंबुल. आकडे मोजायला लावले तर एक, देक, तुन, हतर, पह. आभार मानायला स्तुती. भेटल्यावर हात जोडून आयुबोवन म्हणतात, म्हणजे आयुष्य मोठं होऊ दे. एवढ्या समुद्रापलीकडे आपल्या पणजीच्या तोंडचे वाटतील असे शब्द ऐकू येतात तेव्हा परकं गाव परकं राहत नाही. लिपी मात्र सगळी गोल गोल, एक अक्षर लागत नाही.

निगोंबोची सकाळ मी आयुष्यभर विसरणार नाही. पहाटे सव्वासहाला खाली गल्लीत बाजाची धून वाजत आली, खिडकीतून बघते तर रिक्षा, मागे काचेचं कपाट आणि त्यात पाव, बन, गोड-तिखट पदार्थ. घराघरातून बायका गाऊनवर बाहेर येऊन पाव घेतायत. ह्या रिक्षांना तिथे चून पान म्हणतात, म्हणजे गाण्याचा पाव. पान हा शब्द पोर्तुगीजांचा, आपला पाव ज्या शब्दावरून आला तोच. पोर्तुगीज तिथे १५०५ मध्ये पोचले आणि गोव्यात १५१० मध्ये, मग दोन्ही किनाऱ्यांवर तोच पाव राहिला. पुढे किनाऱ्यावर गेलो तर काथ्याच्या मोठ्या चटया अंथरलेल्या, त्यावर चिरून, खारवून मासे वाळत घातलेले, ओळीच्या ओळी. बायका वाकून एकेक मासा उलटत होत्या. आमची जाऊ मासळी बाजारात बसते, ती थेट त्यांच्यात जाऊन बसली, भाषा एक शब्द नाही, पण मीठ किती, ऊन किती दिवस हे दोघींनी बोटांवर एकमेकींना सांगितलं. टूरच्या कागदावर ह्या जागेला वेळच नव्हता, मल्लीने स्वतःहून अर्धा तास दिला.

निगोंबोहून कँडीच्या रस्त्याला एक गाव लागतं, कजुगम, म्हणजे काजूचं गाव. रस्त्याच्या कडेला बायका भाजलेले काजू घेऊन उभ्या. आपल्याकडे कुडाळ-सावंतवाडीच्या रस्त्याला असतात तशाच. पण मला नवल वाटलं ते पुढे एका साध्या जेवणघरात दुपारी काजूची भाजी मिळाली तेव्हा. नारळाच्या दुधात शिजवलेले अख्खे काजू, हळद, दालचिनीचा तुकडा, कढीपत्ता आणि एक पान, रंपे म्हणतात त्याला, त्याचा वास बासमतीसारखा. आपण ओल्या काजूगरांची उसळ करतो ती वाटप घालून, खोबरं-कांदा भाजून, मसालेदार. त्यांची पिवळी, मऊ, सौम्य. कुठली चांगली असं मी म्हणणार नाही, आपल्या उसळीला तोड नाही हे माझं मत आहेच, पण त्यांच्यात काजूची चव जास्त कळते हेही खरं.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसले ते. कँडीजवळ गन्नोरुवाला शेती खात्याच्या आवारात हेल बोजुन म्हणून एक जागा आहे. पुढे कितीही घाई असली तरी इथे जाच. एका छपराखाली स्टॉल, प्रत्येक स्टॉलवर एखाददुसराच पदार्थ, करणाऱ्या सगळ्या बायका, आसपासच्या खेड्यांतल्या, डोक्याला टोपी, अंगात एप्रन, समोर गॅसवर गरम गरम करून देतायत. सगळं शाकाहारी, सगळं तिथल्या धान्या-पाल्यातलं. शेती खात्याने बायकांना शिकवून, जागा देऊन हे सुरू केलंय आणि देशात अशा आणखीही जागा आहेत. मल्लीने आम्हाला तिथे सोडलं आणि आम्ही दीड तास हललो नाही.

पहिल्यांदा घेतलं कोलकेंद. हिरवीगार पेज. तांदूळ शिजवून त्यात पाल्याचा रस आणि नारळाचं दूध, वर गूळ चावून खायला वेगळा. आपली पेजच की, फक्त आपण बाजूला खारातली मिरची घेतो, ते गूळ घेतात. मग हलप. नाचणीचं पीठ, गूळ, खोबरं एकत्र मळून पानात दुमडून उकडलेलं. आमच्या आत्यांनी पान उघडलं आणि म्हणाल्या, "ह्ये पातोळेच गो!" आपले पातोळे हळदीच्या पानातले आणि तांदळाच्या पिठाचे, त्यांचे दुसऱ्या कुठल्या गोल पानातले आणि नाचणीचे, पण वाफेचा तोच ओला वास. नाचणीला ते कुरक्कन म्हणतात, तिची भाकरीसारखी जाड रोटीही मिळाली, खोबरं घातलेली. आणि अप्प, ज्याला इंग्रजीत हॉपर म्हणतात, छोट्या खोल कढईत फिरवून केलेलं, कडेला कुरकुरीत जाळी आणि मधे आंबोळीसारखं मऊ. आपल्या शंभर-सव्वाशे रुपयांत माणूस पोटभर खाऊन उठतो. आम्ही गेलो तेव्हा आपल्या एका रुपयाला साधारण साडेतीन लंकन रुपये पडत होते.

मी तिथे उभी राहून एकच विचार करत होते की हे आपल्याकडे का नाही. घावणे, आंबोळ्या, शिरवळे, पातोळे, धोंडस, खापरोळ्या, सगळं करणाऱ्या बायका गावोगाव बचत गटात आहेत, हात सोन्याचे आहेत, पण त्यांना स्टॉल मिळतो तो वर्षातून चार-पाच दिवस, कुठल्यातरी महोत्सवात, मांडव उठला की संपलं. मुंबई-गोवा हायवेवर झारापपासून खारेपाटणापर्यंत अशा दोन जागा वर्षभर चालल्या तर किती घरं उभी राहतील. तिथल्या एका बाईला मी मल्लीच्या मदतीने विचारलं, किती वर्षं करतेस, तर म्हणाली मुलीचं शिक्षण ह्याच अप्पांवर झालं. सकाळी घरचं करून येते, संपलं की जाते. अभिमानाने सांगत होती. मी तिचे दोन्ही हात धरले, दुसरं काही सुचलंच नाही.

कँडीत आम्ही होतो तो दिवस पोया निघाला. पोया म्हणजे पौर्णिमा, तिथे प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते आणि त्या दिवशी दारू विकत नाहीत, मांसही नाही. आपली माघी पौर्णिमा ती त्यांची नवम पोया. टूरवाल्याने कॅलेंडर बघितलंच नव्हतं, त्यामुळे ग्रुपमधले दोघेतिघे संध्याकाळी जरा नाराज झाले, पण मला विचाराल तर आमच्या नशिबाने तो दिवस मिळाला. दळदा मालिगाव म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर, तिथे त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं, म्हातारी, तान्ही बाळं, शाळेतली मुलं, हातात कमळं आणि अगरबत्त्या, हजारो असतील, आणि ढकलाढकली नाही. फूल वाहायला रांगेत उभं राहायचं, पुढच्याचं झालं की आपलं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर, टोपी काढायची. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही, तो अपमान समजतात. आमच्यातल्या एका मुलीने नकळत काढला, तिथल्या माणसाने हात जोडून, अगदी हळू आवाजात सांगितलं. ती बिचारी रडायला आली. हे टूरवाल्याने गाडीतच सांगायला हवं होतं, ही त्याची चूक मोठी आहे, जेवणापेक्षाही मोठी.

त्या दिवशी आणखी एक बघितलं. बसमध्ये पुढच्या सीट भिक्खूंसाठी राखीव असतात, आणि गच्च भरलेल्या बसमध्येही भिक्खू चढला की त्या सीटवरचे लोक आपसूक उठतात. संध्याकाळी पूजेला ढोल वाजले तेव्हा मला आमच्या रवळनाथाच्या देवळातली नौबत आठवली.

पुढचं चहाच्या मळ्यांचं वगैरे भरभर सांगते. नुवारा एलियाला थंडी चांगली वाजते, स्वेटर न्या. तिथे पूर्वी कॉफी होती, तिच्यावर रोग पडला आणि मग चहा आला, पहिला मळा १८६७ मध्ये जेम्स टेलर नावाच्या माणसाने कँडीजवळ लावला असं सांगतात. पाला खुडणाऱ्या बायका तमिळ, त्यांच्या आज्या-पणज्यांना इंग्रजांनी दक्षिण हिंदुस्थानातून आणलं. उतारावर दिवसभर पाठीवर ओझं घेऊन उभ्या, त्यांचे फोटो काढावेसे मला वाटले नाहीत. सीता एलियाला सीता अम्मन मंदिर आहे, अशोकवन तेच असं मानतात, आत्यांना तिथे फार बरं वाटलं, ओढ्याच्या पाण्यात पाय धुऊन त्या बराच वेळ बसल्या.

दोन जागा मात्र टूरमधून काढून टाकायलाच हव्यात. एक रत्नांचं दुकान, तिथे दीड तास गेला, चौदातल्या एकानेही काही घेतलं नाही. दुसरी कँडीच्या वाटेवरची मसाल्याची बाग. झाडं दाखवतात ते ठीक, पण शेवटी खोलीत बसवून तेलं आणि चूर्णं गळ्यात मारतात, किमती डोळे पांढरे होतील अशा. तिथे एकच गोष्ट बघण्यासारखी होती, दालचिनी सोलणारा म्हातारा. ओली फांदी घेऊन वरची साल खरवडून, पितळी दांड्याने घासून, सुरीने आतली साल अशी अलगद उतरवली की कागदासारखी. त्या साली एकात एक घालून सुकवतात, त्याची कांडी हाताने चुरता येते. आपल्या बाजारात जाड, लाकडासारखी मिळते ती बहुतेक दुसऱ्याच जातीची. खरं म्हणजे ही झाडं आपल्याकडेही होतात, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण तेज नावाची दालचिनीची जात काढलेली आहे, माझ्या भावाच्या बागेत माडांमधे चार झाडं आहेत, पण साल नीट काढणारा हात नाही म्हणून नुसती पानं तोडतो. तो म्हातारा बघितल्यावर भावाला व्हिडिओ पाठवला. दालचिनी घ्यायची असेल तर तिथल्या साध्या सुपरमार्केटमधून घ्या, बागेतून नको.

आता वेलिगामा. दक्षिण किनारा, गॉलच्या पुढे. शेवटच्या दोन रात्री इथे होत्या, समुद्रापासून दोन मिनिटांवर एका कुटुंबाचं घर, वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या. पहिल्या संध्याकाळी टूरवाला म्हणाला चला, गॉलला इंडियन जेवायला, पाऊण तास. आम्ही सहा जणांनी सांगितलं आम्ही येत नाही. घरच्या बाईला विचारलं, तुमच्या घरात आज जे आहे ते आम्हाला वाढाल का. ती म्हणाली दोन तास द्या.

दोन तासांनी टेबलावर जे आलं ते सांगते. तांबडा भात, आपल्या उकड्या तांदळासारखा दाणा जाड आणि चव असलेला. मसूर डाळीची परिप्पू, नारळाच्या दुधातली. पोलोस म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, काळसर, तासन्‌तास शिजवलेली, मटणासारखा मऊ तुकडा. नीरफणसाच्या फोडी पिवळ्या रसात. गोटुकोल म्हणजे ब्राह्मीसारखा पाला बारीक चिरून खोबरं-लिंबू घालून कच्चाच. पोल सांबोल, म्हणजे खवलेलं ओलं खोबरं, लाल मिरची, छोटे कांदे, लिंबू आणि सुक्या माशाचा चुरा, पाट्यावर रगडून. पापड. आणि मधे मातीच्या मडक्यात अंबुल थियल. प्रत्येक भाजीची चव वेगळी, मसाला वेगळा, एक तिखट तर एक सौम्य, एक कोरडी तर एक रसाची, आणि सगळं भातावर थोडं थोडं घेऊन हाताने कालवून खायचं. आपण एक आमटी, एक भाजी, एक तळलेला मासा करतो आणि त्यात जीव ओततो. त्यांच्या ताटात सहा वाट्या आणि एकही दुसरीवर कुरघोडी करत नाही. मी खाताना बोललेच नाही, आमचे हे म्हणाले बरं नाही वाटत का.

अंबुल थियल ही खरी शिकण्यासारखी गोष्ट. कुप्याचे मोठे चौकोनी तुकडे, मिरी, मीठ, दालचिनी, लसूण, कढीपत्ता आणि गोरका. गोरका म्हणजे आपल्या कोकमाचाच भाऊबंद, फळ कापून सुकवून काळं होतं, ते भिजवून वाटायचं आणि माशाला चोळायचं. थोडंच पाणी घालून मंद आचेवर ते पूर्ण आटेपर्यंत ठेवायचं, मडकं हलवायचं पण चमचा घालायचा नाही. नारळ नाही, तेल नाही. फ्रीजशिवाय दोनतीन दिवस राहतं, म्हणून पूर्वी होडीवर न्यायचे. आपल्याकडे सोलं-तिरफळ घालून बांगड्याचं सुकं करतात त्याची आठवण झाली, पण हे आणखी कोरडं आणि आंबटपणा थेट माशाच्या आतपर्यंत गेलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी तिच्या स्वयंपाकघरात होते, तिनेच बोलावलं. ती मला अक्का म्हणत होती, मी तिला अक्का म्हणत होते, वय कोणी विचारलंच नाही. आमच्या घरात अजून आडाळो आहे, जमिनीवर बसून खवायचा. तिचं खवणं टेबलाला आवळून बसवलेलं, एका हाताने मूठ फिरवायची, पाच मिनिटांत दोन नारळ. मला सगळ्यात मोठा फरक इथे कळला. तिच्या स्वयंपाकात वाटप दिसलंच नाही. खोबरं भाजून वाटून घालणं हा आपल्या मालवणी जेवणाचा पाया, त्यांच्यात खोबऱ्याचं दूध, दुसऱ्या दुधात शिजवायचं, पहिलं शेवटी घालायचं, आणि दाटपणा तेवढाच. मसाला मात्र भाजतात, धणे, जिरं, बडीशेप थेट काळपट होईपर्यंत, आणि हा भाजका मसाला मासे-मांसाला, बिनभाजका भाजीला. वीस-बावीस वर्षं चूल सांभाळूनही हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं की भाजीला आणि मटणाला एकच मसाला कशासाठी.

नाश्त्याला इंदिआप्प केली. वेताच्या छोट्या चकत्यांवर साच्यातून तांदळाच्या शेवया पाडून वाफवायच्या. आत्या खाली आल्या, ताट बघितलं आणि ओरडल्याच, "अगो, ह्ये तर आपले शिरवाळे!" पण आपण शिरवळे नारळाच्या गोड रसात खातो, ते किरी होदी म्हणजे हळद-मेथीच्या तिखटसर दुधात आणि पोल सांबोलबरोबर. आत्यांनी खुणेने गूळ मागितला, तिने कितुलचा पाक आणला. कितुल म्हणजे आपला भेरली माड, त्याची नीरा आटवून काकवीसारखा पाक आणि गूळ करतात, म्हशीच्या दह्यावर घालून मडक्यातून खातात. आपल्याकडे भेरल्याची पानं मांडवाला लावतो आणि झाड विसरतो. आत्यांनी शिरवळे, नारळाचं दूध आणि तो पाक असं कालवून तिला घास भरवला. ती आधी लाजली, मग तिने दुसरा घास मागितला. मी बॅगेत आमसुलं नेली होती, तिच्याच नारळाच्या दुधात सोलकढी केली. दूध गुलाबी झालं तेव्हा तिची पोरं बघायला धावत आली, गोरक्याला असा रंग नसतो.

तेव्हाच किनाऱ्यावरून हाका ऐकू आल्या. बघतो तर रापण! तिथे मादेल म्हणतात. अर्धगोलात जाळं टाकलेलं, दोन टोकांना दोन रांगा, दोर कमरेला लावून माणसं एका लयीत मागे मागे येतायत. आमच्या घरात सासऱ्यांच्या वेळेपर्यंत रापण होती, आमच्या ह्यांनी लहानपणी ओढलेली. काही न बोलता चपला काढल्या आणि जाऊन रांगेत उभे राहिले, कोणी कोण तू असं विचारलं नाही, सरकून जागा दिली. पाऊण तास ओढत होते. जाळं आलं, मासळी फारशी नव्हती, तरी वाटे करताना त्यांच्या हातात एका म्हाताऱ्याने ओंजळभर मासे ठेवले. ओढणाऱ्याला वाटा द्यायचाच, मालवणात हीच रीत. ते मासे अक्काने दुपारी तळून दिले. बाजूला त्यांची होडी उभी होती, ओरुव, एका अंगाला लाकडी ओंडका बांधलेली, आपल्या उलांडीच्या होडीसारखी. काठीवर बसून मासे पकडणारे गॉलच्या वाटेवर कोग्गलाला दिसतात, पण आता ते बरेचसे फोटोचे पैसे घ्यायलाच बसतात, त्यासाठी थांबू नका.

संध्याकाळी अक्काने २००४ च्या त्सुनामीचं सांगितलं. २६ डिसेंबर, तो दिवसही पोयाचा होता. सकाळी समुद्र आधी मागे गेला, मुलं मासे वेचायला धावली, आणि मग भिंत आली. तिचा दीर गेला, घराचा खालचा मजला गेला. ह्याच किनाऱ्यावर पेरेलियाला आगगाडी लाटेत सापडली, हजाराहून जास्त माणसं एकाच जागी गेली, देशात तीस हजारांवर. २०२१ च्या तौक्ते वादळात आमचं छप्पर उडालं, माड आडवे झाले, कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा मला वाटलं होतं ह्याहून वाईट काय. तिने हे सांगितलं ते मासे निवडता निवडता, आवाज न चढवता, आणि शेवटी म्हणाली समुद्रावर राग धरून कसं चालेल, उद्या सकाळी त्याच्याकडेच जायचंय. मग दिवाबत्ती केली आणि भात लावला. परतीच्या वाटेवर मल्लीने पेरेलियाच्या स्मारकापाशी गाडी थांबवली, आम्ही सगळे उतरलो.

शाकाहारी मंडळींना एक सावध करते. आमच्यातल्या एक वैनी शाकाहारी, तिथे भाजी म्हणून दिलेल्या बऱ्याच गोष्टींत उंबलकड म्हणजे सुक्या माशाचा चुरा असतो, पोल सांबोलमध्ये तर हमखास. विचारून घ्या. तिखटही चांगलंच असतं. आणि चहाच्या टपरीवर खाऱ्या पदार्थांची मोठी थाळी समोर ठेवतात ती आपल्याला फुकट नाही आणि सगळी आपली पण नाही, जेवढं उचललं तेवढ्याचेच पैसे, मोजून घेतात, फसवत नाहीत.

टूरवाल्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं, रत्नांचं दुकान काढतो म्हणाला, निगोंबोची सकाळ आणि हेल बोजुन घालतो म्हणाला. पुढची बॅच नोव्हेंबरनंतर निघेल. जे जातील त्यांनी पैसे भरण्याआधी दोन गोष्टी त्याच्याकडून कागदावर घ्या, तोंडी नको: ड्रायव्हर तोच मल्ली हवा, आणि वेलिगामाला दोन्ही रात्री जेवण त्या घरातच.